लिटरला सोळा

"आपली पिकअप लिटरला सोळा देते," असं उधन्याचा सुदाम पाटील चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगायचा. त्याचा ड्रायव्हर निंबा मात्र डिझेलच्या हिशेबात अकराच दाखवायचा.

"शेठ, कापडाचे तागे भरून ट्रॅफिकमधून जाते गाडी. एवढंच पडतं," निंबा म्हणाला. सुदामनं त्याला चारचौघांत डिझेलचोर म्हटलं आणि कामावरून काढलं.

मग त्यानं धाकट्या भावाला, युवराजला, गाडीवर बसवलं. महिन्याभरानंतरही अकराच. सुदामला आता सख्ख्या भावाचा संशय यायला लागला. शेवटी एक दिवस तो स्वतःच त्याच्या शेजारी बसून पलसाण्याला माल सोडून आला. परत आल्यावर पंपावर पुन्हा टाकी फुल केली आणि हिशेब मांडला. अकराच निघाले.

"दादा, निंबाची माफी मागायला पाहिजे," युवराज हळूच म्हणाला.

सुदामनं मान हलवली. पण निंबाकडे जायचं काही त्याला जमलं नाही. गाडीच नकोशी झाली, म्हणून त्यानं ती विकायला काढली.

रविवारी नवागामहून भिकनभाई गाडी बघायला आले. त्यांनी ती चालवून पाहिली आणि त्यांना पसंतही पडली.

"बाकी सगळं ठीक आहे, सुदामभाई. पण तुमचा निंबा उद्यापासून माझ्याकडे कामाला येतोय. तो म्हणतो, ही अकराच देते."

युवराजनं दादाकडे पाहिलं.



"त्याला ठेवू नका," सुदाम म्हणाला. "डिझेल चोरतो तो."