लांबलेलं कुर्र

ऋजुताआत्याला बारशाला जर्मनीहून येता आलं नाही, म्हणून बाळाचं नाव तिने तिथूनच सांगायचं ठरलं. बाळाच्या कानात इवलासा मणी बसवला होता. तसा तो जगात सगळ्यांच्याच कानांत होता. समोर कोण आहे, आपलं कोण लागतं, हे मणीच सांगायचा. माणसांनी लक्षात ठेवणं कधीच सोडून दिलं होतं. आत्या जे उच्चारेल ते थेट जगाच्या नावनोंदणी यंत्रात जाणार होतं.

“कुर्रर्रर्र...” आत्याने सुरुवात केली. एरवी पाठीत धपाटे बसले की कुर्र थांबतं. तिथे धपाटे घालायला कुणीच नव्हतं. तिने हौसेने दम संपेपर्यंत ओढलं. यंत्राला ते सगळं नावच वाटलं. एवढं लांब नाव त्यात मावेना, आणि ते बंद पडलं. त्याबरोबर सगळ्यांच्या कानांतले मणीही मुके झाले.

हॉलमधला कलकलाट एकदम थांबला. बायका एकमेकींकडे परक्यासारख्या बघू लागल्या. बाळ रडायला लागलं, तसं आईने, शर्वाणीने, त्याला उचलून छातीशी धरलं. झब्बा घातलेला एक माणूस सवयीने हात पुढे करत आला.

“आण, मी घेतो.”

ती दचकून मागे सरकली. “कोण तुम्ही?”

त्याने सांगायला तोंड उघडलं, आणि मग घाबरून कानातला मणी चाचपला.