कॅसेटमधलं गाव

"दुकान बंद आहे, काका," आतला माणूस म्हणाला.

पंढरी तोवर अर्ध्या ओढलेल्या शटरखालून वाकून आत आला होता. लगेच परत वाकणं त्याच्या कंबरेला जमणार नव्हतं. तो तिथल्या स्टुलावर टेकला आणि पिशवीतून व्हिडिओ गेमची कॅसेट काढून काउंटरवर ठेवली.

"सालवडच्या प्रदीपनं पाठवलंय, टीव्ही दुरुस्तीवाल्यानं. म्हणाला, बोईसरला भाग्येशकडे जा. पोरगा चांगला आहे, जुने गेम कॉम्प्युटरमध्ये घालून देतो."

दुकानभर खोकी रचलेली होती. माणूस तिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. एका खोक्याला चिकटपट्टी लावत होता. त्यानं पट्टी खाली ठेवली, कॅसेट उचलली, उलटी करून मागचा ठसा बोटानं चाचपला.

"ही अस्सल आहे," तो म्हणाला. "कुठे मिळाली?"

"मेव्हण्यानं आणली. जहाजावर होता तो. आणली आमच्या हिमानीसाठी, आणि नाद लागला तिच्या आईला."

हिमानीची आई सुगंधा. चिंचणीच्या मच्छीमार घरातली. पंढरी कारखान्यात रात्रपाळीला गेला की ती टीव्हीसमोर बसायची. खेळ एका बेटाचा होता. घरं बांधायची, होडी न्यायची, मासे धरायचे. त्यातले मासे बघून तिला हसू आवरायचं नाही. "असा मासा कदी पोवतो काय? याला बनवनाऱ्यानं समुद्र बगितलाच नाय!" असं म्हणायची आणि पुन्हा गळ टाकायची. असं करता करता तिनं त्या बेटावर अख्खं गाव वसवलं.

ती जाऊन वर्ष होत आलं. पंढरीला खेळता येत नव्हतं. तो संध्याकाळी टीव्ही लावून नुसता ते गाव बघत बसायचा. गेल्या आठवड्यात गाव दिसेना. कॅसेट काढून, फुंकर मारून, पुन्हा पुन्हा घातली तेव्हा आलं. प्रदीपनं सांगितलं, आतला सेल संपत आलाय. संपला की गाव गेलं, आणि बदलायला काढला तरी गेलं.

"मला दुसरा गेम नको," पंढरी म्हणाला. "तिचं गाव तेवढं राहू दे."

माणसानं कॅसेट हळूच खाली ठेवली.

"काका, जुना गेम कॉम्प्युटरवर चालवायचं सॉफ्टवेअर असतं. त्यात गुन्हा नाही. पण गेम कंपनीचा. त्याची प्रत काढायची म्हणजे कंपनीची परवानगी लागते."

"मग कंपनीकडूनच नवी कॅसेट घेऊ."

"ही कॅसेट काढणं त्यांनी कधीच बंद केलं."

"म्हणजे विकत देणार नाहीत आणि प्रत काढूही देणार नाहीत?"

"तसंच आहे."

"बरं आहे की! मग ही कॅसेट तरी माझी का?"

"प्लास्टिक तुमचं. आतला गेम खेळायची मुभा तुमची. गेम त्यांचा."

"आणि तिनं बांधलेलं गाव?"

बाहेर टपरीवर एक हवालदार चहा पीत उभा होता. माणसानं तिकडे एकदा पाहिलं.

"गाव त्यांचं नाही," तो म्हणाला. "पण गेमशिवाय ते दिसायचं नाही."

"म्हणजे फोटो घेऊन जा, पण डोळे मिटून बघा."

माणसाला हसू आलं. त्यानं ते आवरलं. "आपल्या मूळ वस्तूला धोका असेल तर जपणुकीपुरती एक प्रत काढता येते, असं काही वकील म्हणतात. कंपन्यांचे वकील नाही म्हणतात."

"तू कोणाचं ऐकतोस?"

"मला कंपन्यांचं ऐकावं लागतं."

"अरे, कशाला घाबरतोस! अर्धं बोईसर तुझ्याकडून गेम भरून नेतं म्हणे. मी म्हातारा एक गाव मागतोय तर कायदा!"

"नेत होते. यापुढे नाही नेणार."

"दुकान हलवतोयस वाटतं?"

"हो, सामान हलवायचंय."

पंढरीनं कॅसेट उचलून शर्टाच्या बाहीनं पुसली, पिशवीत ठेवली. काउंटरला हात टेकून तो उठू लागला.

"थांबा," माणूस म्हणाला.

त्यानं आत्ताच लावलेली चिकटपट्टी टरकन फाडली. खोक्यातून लॅपटॉप काढला आणि कॅसेट वाचायचं छोटं यंत्र. यंत्राची वायर मात्र सापडेना. त्यानं एक खण उघडला, दुसरा उघडला, खाली वाकून पाहिलं.

"आपल्याच दुकानात वस्तू सापडत नाही तुला," पंढरी म्हणाला. "लग्न कर. बायको बरोबर सांगते, कुठे ठेवलंय ते."

वायर पंख्यामागे निघाली. माणसानं यंत्र जोडलं, कॅसेट घातली. दोघं पडद्याकडे बघत राहिले. एक रेघ सावकाश भरत गेली. मग निळं पाणी आलं, धक्का आला, धक्क्याला बांधलेली होडी, मागे लाल छपरांची घरं. एका अंगणात तिनं झेंडू लावले होते.

"झेंडू मला माहीतच नव्हते," पंढरी म्हणाला. "आमच्या टीव्हीवर तेवढा कोपरा काळा येतो."

पंढरीनं दिलेल्या पेनड्राइव्हवर माणसानं सगळं उतरवलं, आणि लॅपटॉपवरचं पुसून टाकलं.

"लेकीला सांगा, ती लावून देईल. ही प्रत घरातच ठेवा. कोणाला देऊ नका."

"किती झाले?"

"काही नाही."

"असा धंदा केलास तर दुकान चालायचं नाही, भाग्येश." पंढरीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पण तुझं दुकान चालू दे बाबा. नवीन जागेत खूप चालू दे."

माणसानं पुढे होऊन त्याच्यासाठी शटर वर उचलून धरलं.

"भाग्येशला सकाळी मीच पकडून दिला, काका," तो म्हणाला. "तुमची कॅसेट ज्या कंपनीची, मी तिचा नोकर."