बिजलीच्या छातीचा फोटो

माणसांच्या दवाखान्यातल्या एक्स-रेच्या टेबलावर बिजलीला आडवं पाडलं, तेव्हा ती दिवलीबाईशिवाय कुणालाच हात लावू देईना. कुत्री कळसाडीच्या चुनीलाल पाटलांची. पण भाकरी रोज मोलकरीण दिवलीबाईच्या हातची. म्हणून पाटलांनी तिलाही जीपमध्ये घालून नंदुरबारला आणलं होतं.

बिजलीच्या सडापाशी कॅन्सरची गाठ होती. कापायची, पण आधी छातीचा फोटो. फुप्फुसात पसरला असेल तर कापून उपयोग नाही, असं ढोरांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. पाटलांचं अन्नपाणी सुटलं. वाटेत त्यांनी मरीआईला नवस केला आणि दिवलीबाईलाही करायला लावला. ती पदराआड काहीतरी पुटपुटली.

गेल्या उन्हाळ्यात तिचा नवरा झिपरू रक्त ओकत होता. पाटलांचाच सालदार. तिनं हीच जीप मागितली, तर पाटील ओट्यावरून म्हणाले होते, "खोकलाना काय फोटो काढाना?" झिपरू पोळ्याआधीच गेला.

अजिबात हलू देऊ नका, असं फोटो काढणाऱ्या डॉक्टरनं बजावलं. दिवलीबाईनं बिजलीचे पुढचे पाय ओढून धरले. कुत्री तिचं मनगट चाटू लागली. या मुक्या जिवाशी दिवलीबाईचं काय वैर? पण हात ढिला पडला नाही. फोटो स्वच्छ यायला हवा होता. पाटलांना नीट दिसायला हवं होतं.

डॉक्टरनं फिल्म उजेडासमोर धरली. काळ्या फुप्फुसांत पांढरे गोळे, फुटलेल्या कापसासारखे. आता कापण्यात अर्थ नाही, म्हणाला. पाटील भिंतीला टेकून सगळ्यांदेखत रडले.

परतताना मिरचीच्या बाजाराशी दिवलीबाईनं जीप थांबवायला लावली. उतरली आणि नारळ घेऊन आली.

पाटलांनी डोळे पुसत विचारलं, "आते नारळ कसाले?"

"मरीआईना नवस फेडाना शे."

"कुत्री ते वाचाव नई, दिवली."

"मन्हा नवस येगळा व्हता, पाटील."

पाटलांचा हात किल्लीवरच राहिला. मागं दिवलीबाई मांडीवरच्या बिजलीला थोपटत होती.