अर्धवट ओढलेलं सील

ट्रकच्या दाराला लावायचं ते प्लॅस्टिकचं सील चारुतानेच पनवेलच्या कारखान्यात तयार केलं होतं. शेवटपर्यंत ओढलं तर ते कापल्याशिवाय निघत नसे. पण तेवढं ओढायला फार जोर लागतो आणि अर्धवट ओढलेलंही लागल्यासारखंच दिसतं, हे लक्षात येताच तिने कारखान्याच्या साहेबांना सांगितलं होतं. "लोकांना धड ओढता येत नाही, त्याला आपण काय करणार?" साहेब हसले होते. आज कळंबोलीच्या चौकीत गव्हाणचा ड्रायव्हर कमलाकर सुजलेल्या तोंडाने बसला होता. त्याच्या ट्रकमधली औषधांची खोकी वाटेत चोरीला गेली होती आणि सील न तुटताच निघालं होतं. "म्हणजे यानेच युक्तीने काढलं," हवालदार म्हणाला. "मी नाय काढलं, ताई," कमलाकर चारुताला म्हणाला. सील चांगलं आहे एवढंच सांगायला साहेबांनी चारुताला आणलं होतं. तिचं डोकं भणाणलं. तिने पर्समधलं नवं सील साहेबांपुढे आपटलं. "लावा." साहेबांनी दात आवळून, जोर लावून ओढलं. "लागलं!" चारुताने ते दोन बोटांनी अलगद सोडवलं. "सील आपण असलं बनवायचं आणि मार यांनी खायचा?" ती ओरडली. हवालदार वरमला. "जा रे घरी." कमलाकर जागचा हलला नाही. "सगल्या गावासमोर मला धरून आणलंय. मी चोर नाय, हे आता गावात कोण सांगणार?" चारुता साहेबांकडे वळली. "गाडी काढा. तुम्ही सांगणार आहात."