बशांची भिंत

धाकट्या बहिणीच्या नव्या घरात जेवणाच्या टेबलामागे बारा फ्रेमा लागल्या होत्या. कुठल्याशा राजाच्या राज्याभिषेकाची आठवण म्हणून घडवलेल्या जुन्या चिनी मातीच्या बशांचे हे मोठाले प्रिंट. पाहुणे तिथून हलेनात, तशी थोरली आतून धुमसत राहिली.

"छापील चित्रंच तर आहेत," ती नवऱ्याच्या कानात पुटपुटली. पण निघताना तिला राहवलं नाही.

"कुठून आणलीस गं ही? मलाही हवीत."





"ताई, आत्यानं जाताना तुझ्या नावानं ठेवलेलं खोकं मीच बांधलं होतं. बांधायच्या आधी एकेका बशीचा फोटो काढून घेतला. तू अजून ते उघडलंच नाहीस?"