चार फूट जागा

पलंगाचा शेवटचा नट काही केल्या हलेना. शिंप्याने पाना दोन्ही हातांनी धरला, भिंतीला पाय लावला आणि दात-ओठ खाऊन ओढला. नट कुरकुरला, पण सुटला. लोखंडी सांगाडा धाडकन खाली आला तशी त्याची मुलगी दचकून मागे सरकली. तिच्या मांडीवरच्या टबात कासवाने मान आत ओढून घेतली.

"बाबा, अख्खा पलंगच काढलास?"

"कासवाची टाकी चार फुटांची. मशीन हलवता येत नाही, कापायचं टेबल हलवता येत नाही. उरलं कोण?"

"मग तू झोपणार कुठे?"

"जमीन कुठे पळून गेलीय?"

खोली एकच, त्यातच त्याचं दुकान आणि त्यातच संसार. नऊ वर्षांची मुलगी दर रविवारी सकाळी दहाला यायची आणि सहाला आईचा फोन आला की खाली उतरायची. पावणेसहालाच बूट घालून बसायची. रात्री ती एकदाही राहिली नव्हती. शिंप्यानेही कधी विचारलं नव्हतं. विचारलं आणि नाही म्हणाली, तर?

कासव तिच्या मैत्रिणीचं. मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली. "आपल्याकडे जमणार नाही, बाबाला विचारून बघ," असं आई म्हणाली होती. गुरुवारी मुलीने फोन केला, तर तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत बाबाने हो म्हणून टाकलं. मग तो प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. कासव या जन्मात त्याने कधी हातातही धरलं नव्हतं.

"दुकानात मिळतं ते वाटोळं काचेचं भांडं आणू नका," बाईंनी बजावलं. "चार फूट लांब टाकी हवी. वर चढून बसायला कोरडी जागा आणि तिथे उबेचा दिवा. नसेल जमणार तर आत्ताच सांगा, मी दुसरं घर बघते."

"जमणार," शिंपी म्हणाला होता.

धाडधाड ऐकून खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई वर आल्या. दारातूनच त्यांनी टाकी पाहिली.

"मास्तर, एवढं पाणी भरणार? माझ्या डोक्यावर छत आणायचंय का?"

"दीडशे लिटर आहे, ताई. दोन-तीन पाहुणे बसलेत असं समजा."

"तुमच्याकडे कुठे येतात हो पाहुणे?"

शिंप्याने सुटलेले नट गोळा करायला घेतले.

"मी येते ना," मुलगी म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग आत येऊन त्यांनी डाव्या हाताच्या भिंतीवर थाप मारली. "इथे लावा. हिच्या खाली बीम आहे." आणि जाता जाता म्हणाल्या, "सांडलं तर पुसायचं. माझ्याकडे ठिबकलं तर बघा मग."

दोघांनी मिळून टाकी भिंतीला लावली. शिंप्याने गळ्यातला टेप काढला आणि कासवाचं माप घ्यायला बसला. लांबी पाच इंच. पाठीचा घेर अकरा. गळ्याशी टेप नेला, तर गळाच नाहीसा झाला.

"हे गिऱ्हाईक मानेचं माप देत नाही," तो गंभीरपणे म्हणाला. मुलगी हसत सुटली. त्या खोलीत ती एवढं मोठ्याने हसल्याचं त्याला आठवत नव्हतं. आणखी एखादा विनोद करावा असं त्याला वाटलं, पण त्याने टेप गुंडाळला आणि दगड उचलले.

कोरड्या जागेसाठी त्याने दोन दगडांवर एक फरशी ठेवली. ती घसरली. त्याने दगड बदलले. आता ती डुगडुगायला लागली. फरशीखाली कासव सापडलं तर? त्याने ती पुन्हा उचलली. तिसऱ्या वेळी त्याने काचेसाठीचा चिकट मसाला लावून फरशी दगडांवर बसवली आणि मसाला वाळेपर्यंत हाताने दाबून धरली. तासाभराने मुलगी म्हणाली, "आता मी धरते." तो म्हणाला, "दोघं धरू." मसाला पुरता वाळला तेव्हा पाच वाजून गेले होते.

राहिलं पाणी. नळाचं पाणी तसंच ओतायचं नसतं. त्यातलं औषध उडून जायला चोवीस तास उघडं ठेवावं लागतं, हेही डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. शिंप्याने आदल्या सकाळीच इमारतभर फिरून बादल्या मागून आणल्या होत्या. दहा बादल्या न्हाणीघरात ओळीने उभ्या. दोन दिवस त्याची आंघोळ दोन तांब्यांवर चालली होती.

एकेक बादली तो आणत गेला, मुलगी मोजत गेली. दहावी रिकामी झाली, दिवा लागला. मुलीने कासव दोन्ही हातांनी पाण्यात सोडलं. ते तळाशी गेलं, काचेला नाक लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं. मग फरशीवर चढलं, दिव्याखाली मान लांबवली आणि मागचे दोन्ही पाय ताणून पसरले.

"आवडलं त्याला," मुलगी पुटपुटली.

तेवढ्यात फोन वाजला. तिने कानाला लावला. तिचे बूट दाराशी होते.

"नाही आई," कासवावरची नजर न काढता ती म्हणाली. "आज नाही येता येणार. पाणी अजून तयार नाही. चोवीस तास लागतात. हो, बाबाला विचारलं मी. हो म्हणाला."

शिंप्याने खाली वाकून रिकाम्या बादल्या एकात एक घालायला घेतल्या, जराही आवाज न करता.