हस्तांदोलन

मालकांनी हात पुढे केला आणि मामांचा नवा हात जागचा हलला नाही.

सभागृहातले पाहुणे खुर्च्यांच्या कडेला सरकले. कॅमेरे सरसावले. मामांच्या डोक्यावर तारांची टोपी होती आणि उजव्या कोपराखाली काळा, चकचकीत यांत्रिक हात. त्याची बोटं अर्धवट उघडी होती, ती तशीच राहिली. मालक हसत होते, पण ते हसू आता त्यांना धरून ठेवावं लागत होतं.

तसं अवघड काहीच नव्हतं. मामांनी फक्त मनात मूठ आवळायची होती. गेले कित्येक महिने ते हेच शिकत होते. पडद्यावर चार चित्रं असायची: उजवा हात, डावा हात, पाय, जीभ. मामा ज्याची हालचाल मनात करतील ते चित्र उजळायचं. "मामा, हात डोळ्यांपुढे आणायचा नाही. हात चालवायचा," प्रयोगशाळेतली इंजिनिअर पोरगी बजावायची. पण हाताचं काही केल्या जमेना. मूठ आवळायला गेले की कारखान्यातली पत्रा कापायची प्रेस खाली यायची आणि हात तिच्याखाली. शेवटी तिनं विचारलं, "कारखाना सोडा. घरात हातानं काय काय धरायचात?" मामांना दाराची कडी आठवली. थंडीतल्या सकाळची, गारढोण. उजवा हात उजळला. पोरगी टाळ्या पिटत नाचली.

पाय मात्र पहिल्या दिवसापासून लख्ख उजळायचे.

"पायांना एवढं काय काम देता हो मनात?"

"आहे एक जुनं काम," मामा म्हणाले. "राहूनच गेलंय."

तिनं खोदून विचारलं नाही.

आजचा कार्यक्रम पार पडला की हात कायमचा मामांचा होणार होता. तो मालकांच्या ट्रस्टनं दिला होता. निघताना बायकोनं त्यांच्या शर्टाची बटणं लावून दिली. "आज तोंडाला कुलूप घाला. एवढा हात पदरात पडू दे, मग काय ती आगपाखड करा." मामांनी कबूल केलं, अगदी मनापासून. त्यांना स्वतःची बटणं स्वतः लावायची होती. दुसरं काही नको होतं.

मग मालक माइकसमोर उभे राहिले.

"चूक या माणसाचीच होती," ते गहिवरून म्हणाले. "चालू प्रेसमध्ये हात घातला. पण आम्ही त्याला वाऱ्यावर सोडलं नाही!"

टाळ्या पडल्या. मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मध्ये हात आला की ती प्रेस आपोआप थांबायची. तसा सेन्सरच होता तिला. पण ती सारखी थांबते, माल निघत नाही, म्हणून मालकांनी स्वतः उभं राहून तो काढायला लावला. मामांनी हरकत घेतली, तेव्हा म्हणाले, "तुला डोळे आहेत ना?" कारखान्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. अपघातानंतर मात्र एकालाही काही आठवेना. चौकशीची माणसं आली तेव्हा सेन्सर जागच्या जागी होता, पुसून स्वच्छ केलेला.

आणि आता हाच माणूस हात पुढे करून उभा होता.

"मामा," पोरगी कानाशी कुजबुजली, "कडी. गार कडी."

कडी मामांना आठवत होती. त्यांनी पहिल्या रांगेत पाहिलं. भाषण बायकोनंही ऐकलं होतं. सकाळी कुलूप घालायला सांगणाऱ्या त्या बाईनं मान डोलावली. मामांनी डोळे मिटले आणि झडझडून कामाला लागले.

हात तसाच राहिला.

"बिघडलेलं मशीन आणलंत की काय?" मालक पोरीवर खेकसले. माइक चालू आहे, हे ते विसरले.

पोरगी मागच्या भिंतभर पसरलेल्या पडद्याकडे वळली. चारपैकी एकच चित्र उजळत होतं. विझायचं, पुन्हा उजळायचं, आधीपेक्षा लख्ख. ते जुनं काम कोणतं, हे तिला आत्ता कळलं. तिची प्रयोगशाळाही त्याच ट्रस्टवर चालत होती. एक बटण दाबलं असतं तर पडदा काळा झाला असता. तिचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिनं ते मागे घेतलं.

"मशीन ठणठणीत आहे, सर," ती म्हणाली. "मामा पाय चालवतायत. तुम्ही जरा मागे सरका."